लगनाच्या भिंतीवरचं जपानी

सन २०२१. मी बहात्तर वर्षांचा होतो. त्या वर्षी मी जपानी लिहायला शिकलो. ज्यांना हसायचं त्यांनी हसून घ्यावं. माझ्या तोंडावर हसायची हिंमत आमच्या गावात अजून कोणाची झाली नाही. पाठीमागे हसतात, ते मला ठाऊक आहे.

शाळा माझी चौथीपर्यंत. चौथी पास का नापास ते विचारू नये. आमचं गाव सिंदी मेघेच्या पुढे, नाल्याच्या पलीकडे. वावरात वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायचा, पहाटे काढून वर्ध्याच्या बाजारात न्यायचा, हे घरचं काम. पण मला ओळखतात ते वांग्यांसाठी नाही, अक्षरासाठी. आमच्याकडे लगन म्हटलं की घराची पुढची भिंत रंगवतात. मधोमध शुभविवाह, खाली नवरानवरीची नावं, दोन्ही अंगांना भालदार-चोपदार, अन् सोंडेत हार धरलेला हत्ती. ती भिंत कोणी पुसत नाही. पोरीला दोन लेकरं होतात तरी तिचं नाव माहेरच्या भिंतीवर फिकट होत राहतं. आजूबाजूच्या सात गावांतल्या असल्या भिंती चाळीस वर्षं मी लिहिल्या. मग फ्लेक्स आला. आता रबराच्या कापडावर नवऱ्याचा गोरा केलेला फोटो छापून आणतात, सुतळीने बांधतात, अन् तिसऱ्या दिवशी तो बकऱ्यांच्या गोठ्यावर टाकतात. माझे ब्रश डब्यात वाळून गेले. विचारायलाही कोणी आलं नाही.

त्या साली सारं बंद होतं. माझी नात सेवाग्रामकडे नर्सिंग शिकायची, तिचं कॉलेजही बंद. दिवसभर फोन. एक दिवस मी पाहिलं तर पोट्टी फोनसमोर बसून भांडून राहिली. आवाज बायकी नाही, चांगला गुरकावून. मला वाटलं, घरात बसून बसून डोक्यावर परिणाम झाला.

"कोनाशी भांडतं व?"

"कोनाशीच नाई आबाजी. कार्टून हाये जपानचं. थो जसा म्हणते तसं म्हणून पाह्यते."

मी फोन हातात घेतला. त्यात कार्टूनचं पुस्तक उघडलं होतं. एक पोट्टं भिंत फोडून बाहेर येत होतं, अन् त्याच्या आजूबाजूला माणसाएवढी अक्षरं. ती छापील नव्हती. एका फटकाऱ्यात मारलेला ब्रश मला दहा हातांवरून ओळखू येतो. शेवटी केस फाकतात, रंग संपत जातो.

"हे काय लिव्हलं?"

"थो आवाज हाये. भिंत फुटल्याचा."

"आवाज लिव्हतेत?"

"हो ना. धडाम, असं."

मी ते पान किती वेळ पाहिलं सांगता येत नाही. चाळीस वर्षांत मी नावं लिहिली, पण आवाज लिहायचं माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. अन् तिकडे कोणीतरी बसला होता, ज्याला अजून हाताने लिहायचे पैसे मिळत होते. मला त्याचा रागच आला. मी डबा काढला अन् ब्रश रॉकेलमध्ये भिजत घातले.

तिने वर्ध्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून पानं काढून आणली. जपानात म्हणे मोठी अवघड अक्षरं हजारो आहेत, पण लेकरांच्या पुस्तकांत त्यांच्या बाजूला बारीक सोपी अक्षरं देतात. ती शे-पाऊणशे शिकली की ओळ वाचता येते. मी तिला म्हटलं, अवघड तू शीक, सोपी मी शिकतो. ती अर्थ सांगायची, मी हात बसवायचो. पुस्तक मागच्या पानापासून सुरू होतं, ओळ वरून खाली उतरते. भिंतीवर लिहिणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही, आम्ही शिडीवर चढून वरूनच सुरू करतो. माणसं बोलतात ते फुग्यात लिहिलेलं. साधा फुगा म्हणजे साधं बोलणं, काटेरी फुगा म्हणजे ओरडणं. अन् काही शब्द फुग्याबिगर, नुसते डोक्याच्या बाजूला.

"हे काऊन उघडे?"

"थे मनातल्या मनात हाये. बाकीच्यायले ऐकू नाई येत."

स्वयंपाकघराच्या दारामागे मी ब्रश पुसायचो तो पत्र्याचा तुकडा टांगलेला होता. तिथे आम्ही एकमेकांना लिहू लागलो. मी दुपारी वावरातून आलो की पत्र्यावर काटेरी फुगा असायचा: जिजी, मेशी कुए! म्हणजे बुढ्या, भाकर खा. मराठीत तिने मला बुढ्या म्हटलं असतं तर तिच्या बापाने थोबाडीत दिली असती. मी खाली लिहायचो, कुत्ता. म्हणजे खाल्लं. एकदा मी ते मोठ्याने म्हटलं अन् सून ताट आपटून बाहेर गेली. पोराने येऊन विचारलं, "बाबा, तिले कुत्ता काऊन म्हटलं तुमी?" नात हसून हसून खाली बसली. मी काही खुलासा केला नाही. मी खुलासा करणारा माणूस नाही.

सांगायचं असं की मला जे जपानी आलं ते सगळं भांडणाचं. चूप बस. पाहून घेईन. ये ना समोर. जमत नाही का. नको. वाचवा. हे वाचवा तर दर दुसऱ्या पानावर. दुकानात काय मागायचं, पाहुण्याला बस कसं म्हणायचं, ते मला आजही येत नाही. पण त्या वर्षी अन् पुढच्या वर्षी, त्या पत्र्यामुळे, मला घरात कोणीतरी बोलणारं होतं. बायको जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती. पोरगा मला विचारायचा ते एवढंच, बीपीची गोळी घेतली का. वावरात काय लावायचं, घरावर स्लॅब कधी टाकायचा, मोटर कोणती घ्यायची, हे मला दुसऱ्यांच्या तोंडून कळायचं.

पुढे तिने नागपूरला जपानीचा क्लास लावला. तिथून नर्सिंग झालेल्या पोरींना जपानात पाठवायचे, म्हाताऱ्यांची सेवा करायला. पहिल्याच दिवशी बाईंनी तिला आपलं नाव-गाव सांगायला लावलं. हिने कार्टूनमधल्यासारखं सांगितलं, छाती काढून. बाईंनी पेन खाली ठेवून तोंडावर पदर घेतला.

"काय म्हणे थ्या?"

"म्हणे, अशी बोलशीन तं तिथले म्हातारे काठी टाकून पळतीन. म्हणे, हे रस्त्यावरच्या पोट्ट्यायचं बोलणं हाये. मोठ्यायशी वेगळं रायते. लांब, अदबीचं."

मग ती ते अदबीचं शिकू लागली. मलाही शिकवू पाहायची. "आबाजी, मोठ्या माणसाशी असं नाई लिव्हत."

"घरात मोठा मीच हावो. मी कोनाशी अदबीनं लिहू?"

मी नाही शिकलो. त्या बाईंच्या क्लासचा मला राग होता. खरं सांगायचं तर राग क्लासचा नव्हता. नात तिकडे जाईल, कोण्या परक्या बुढ्याला चमच्याने भात भरवील, त्याचे पाय पुसील, त्याच्याशी लांब अदबीचं बोलेल, अन् मी इथे पत्र्याकडे पाहत बसेन, हे मला झोंबत होतं. तिला मी बोललो नाही. ती परीक्षा पास झाली त्या दिवशी मी पत्र्यावर लिहिलं, शाब्बास, अन् दुसऱ्या दिवशी दिवसभर वावरात राहिलो.

२०२३ च्या दिवाळीनंतर पुलगावकडची सोयरीक आली. मुलगा कंपनीत, व्यसन नाही, घर चांगलं. एकच म्हणणं होतं, पोरीने दवाखान्यात नोकरी करावी, पण इथेच. परदेशाचं नाव काढू नये. मुलाच्या आजाच्या लगनात त्याच्या घराची भिंत मीच लिहिली होती. तो आजा स्वतः आला. बैठकीत सगळ्यांच्या पुढे म्हणाला, "मी बाकी कोनाले नाई विचारत. या मानसाचा शब्द पाह्यजे मले."

दहा वर्षांत मला कोणी असं म्हटलं नव्हतं. माझ्यासाठी मानाची मधली सतरंजी सोडली. माझ्या पोराने माझ्याकडे पाहिलं, तो वाट पाहत होता. पोरीला विचारलं तर ती मान खाली घालून बसली. तिच्या मायने आत नेऊन विचारलं, तेव्हा म्हणाली, "आबाजी म्हणतीन तसं."

ही पोट्टी काय म्हणत होती ते मला तिथेच कळायला पाहिजे होतं. तिने आपला शब्द माझ्याजवळ ठेवायला दिला होता. तिचा बाप रागीट, एकदा हो म्हटलं की परत फिरत नाही. त्याला थांबवू शकेल असा घरात मी एकच, हे तिने ओळखलं होतं. मला मात्र समोर सतरंजी दिसत होती. मी सुपारी फोडली.

चौथ्या दिवशी दुपारी पत्र्यावर लिहिलेलं दिसलं. बारीक अक्षरं. फुगा नव्हता. मी माठातलं पाणी पिता पिता वाचलं, दुसरा गिलास घेऊन परत वाचलं. मला सासरी जायचं नाही. बुढ्या, तू सांग त्यांना.

दोन वर्षांचं शिकणं होतं, एक अक्षर अडलं नाही. मी रॉकेलचा बोळा घेतला अन् पत्रा साफ केला.

चार वाजता मी ओसरीत सांबाराच्या जुड्या बांधत होतो. ती येऊन उभी राहिली.

"आबाजी, पत्रा पाह्यला?"

"चष्मा नव्हता."

"मंग पुसला कोनं?"

मी जुडी बांधली. दुसरी घेतली. "ब्रश पुसत होतो."

ती हलेना. मग म्हणाली, "परत लिहू?"

"लगनघर हाये आता," मी म्हणालो. "हे लेकरायचे खेळ पुरे झाले."

ती गेली. त्यानंतर पत्र्यावर काही आलं नाही. मी दोनदा लिहिलं. पहिल्यांदा चूप का, असं, अन् दुसऱ्यांदा भाकर खाल्ली का. ते तसंच वाळलं.

आता कोणी म्हणेल, बुढ्या, एक शब्द बोलला असता तर काय गेलं असतं. सुपारी परत करता येते, अशी उदाहरणं आहेत. मलाही माहीत आहे. पण ज्याला आयुष्यात एकदाच मधल्या सतरंजीवर बसवलं, त्याने चार दिवसांनी पुलगावला जाऊन म्हणायचं का, की माझा शब्द माझा नव्हता, एका पोट्टीने पत्र्यावर लिहिलं म्हणून मी तो मागे घेतो? अन् मी मनाला असंही समजावलं की हे कार्टूनचंच असेल, तिथे तर दर पानावर कोणी ना कोणी वाचवा म्हणतं. पण तिथे ते काटेरी फुग्यात म्हणतात. हे उघडं होतं. फरक मला तिनेच शिकवला होता.

लगन माघात धरलं. पोराने फ्लेक्स सांगून ठेवला होता. मी म्हटलं, माझ्या नातीच्या घरावर फ्लेक्स लागणार नाही. तो म्हणाला, "बाबा, हात थरथरते तुमचा." मी चुना कालवला. चार दिवस लागले. भालदाराचा पाय वाकडा झाला, हत्ती बारीक झाला, पण शुभविवाह असा उतरला की रस्त्याने जाणारे सायकली थांबवून पाहत. ती चहा आणून द्यायची, रंगाचा डबा धरून उभी राहायची.

भिंत पुरी झाली की खालच्या कोपऱ्यात नवरीने हळदीचा हात उठवायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. मी तेवढी जागा पांढरी सोडली होती. हळदीच्या दिवशी बायका तिला गाणी म्हणत बाहेर घेऊन आल्या. ताटात हळद कालवून तयार होती. तिने ताटाकडे पाहिलं नाही. माझा जाडा ब्रश लाल रंगात बुडवला, अन् त्या पांढऱ्या जागेत तीन अक्षरं मारली. हातभर उंच. पहिलं दोन काड्यांचं, दुसरं आकड्यासारखं वळलेलं, तिसऱ्याच्या खांद्यावर दोन टिंबं. एकेका फटकाऱ्यात, केस फाकेपर्यंत. इतका मोकळा हात माझाही कधी चालला नाही. मग तिने त्याच्या भोवती काटेरी फुगा काढला.

"अगं माय, काय फुलं काढले व!" एकजणी म्हणाली. टाळ्या पडल्या. फुलं नाहीत, लिहिलेलं आहे, असं दुसरीने सांगितलं, पोरीला जपानी येतं म्हणाली. बायका जवळ जाऊन पाहू लागल्या. नात कोणाकडेच पाहत नव्हती. ती माझ्याकडे पाहत होती. मी ब्रश तिच्या हातातून घेतला अन् धुवायला गेलो.

लगनाच्या दिवशी त्या कोपऱ्यात गर्दी. पाहुण्यांच्या पोरी त्या तीन अक्षरांजवळ उभ्या राहून फोटो काढत होत्या. नवरदेवानेही काढला, अंगठा वर करून. चांगला मुलगा आहे, त्याच्याविषयी माझी तक्रार नाही. नवरी मांडवाच्या कडेला खुर्चीवर बसली होती, तिथून भिंत चार पावलांवर.

मुलाचा आजा, म्हणजे माझा व्याही, काठी टेकत आला. "इवाई, हे कोनतं लिव्हणं हो?"

"जपानी हाये, आबाजीले येते!" मागून कोणीतरी ओरडलं.

"मंग सांगा ना. काय म्हणते हे?"

पन्नास माणसं तरी असतील. सगळे माझ्या तोंडाकडे पाहत होते. ती पण. तिने हातातली माळ मांडीवर ठेवली होती अन् पुढे वाकली होती, असं मला अजून दिसतं. मी नुसतं वाचलं असतं तरी झालं असतं. एक शब्द होता.

"शुभविवाह," मी म्हणालो. "जपानीत शुभविवाह."

"वा रे इवाई!" त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. "चौथी शिकून जपानी! आमच्या पोट्ट्यायले इंग्रजी येईना."

लोक हसले, वाहवा झाली. खोटं कशाला लिहू, तेवढा वेळ मला बरं वाटलं. मग मी तिकडे पाहिलं. ती खुर्चीला टेकून बसली होती अन् माळेतलं एक तुटलेलं फूल नीट खोवत होती.

संध्याकाळी पाठवणीला, वाटे लावताना, ती सगळ्यांच्या पाया पडली. मायच्या गळ्यात पडून रडली, बापाच्याही. माझ्या पायाला हात लावून उभी राहिली तेव्हा रडणं थांबलं होतं. ती मला जपानीत काहीतरी म्हणाली. लांब वाक्य होतं, हळू आवाजात, शेवटी मान खाली घालून. त्यातला एकही शब्द मला कळला नाही. ते नागपूरच्या बाईंनी शिकवलेलं, मोठ्यांशी बोलायचं होतं. दोन वर्षं ती माझ्याशी रस्त्यावरच्या पोट्ट्यासारखी बोलली, अन् जाताना अदबीने बोलून गेली. गाडी नाल्याच्या पुलावरून गेली तेव्हाही मी तेच जुळवून पाहत होतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोरगा मांडवाच्या दोऱ्या सोडत होता. सून अंगणातले अक्षतांचे दाणे झाडत होती. मी चष्मा लावला अन् दोघांना भिंतीजवळ बोलावलं.

"हे शुभविवाह नाई," मी म्हणालो.

"कोनतं?" पोराने विचारलं.

मी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या. "इ. या. दा."

"म्हंजे?"

"नको."

"काय नको?"

"लगन. आधी पत्र्यावरबी लिहून देल्तं मले, त्यायले सांग म्हणून. मी वाचलं होतं."

पोराच्या हातात दोरी होती. "काल वाचता येत होतं तुम्हाले?"

"येत होतं."

त्याने दोरी सोडून दिली, मांडवाचं एक टोक खाली आलं. तो माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं. तो विहिरीकडे गेला अन् आमच्याकडे पाठ करून बसला.

सुनेने झाडू भिंतीला टेकवला. पदराला हात पुसले अन् अक्षरांच्या अगदी जवळ येऊन उभी राहिली, इतकी की तिचं नाक भिंतीला लागेल.

"परत वाचा, मामाजी," ती म्हणाली.

मी पहिल्या अक्षराखाली बोट ठेवलं अन् परत वाचलं.